जादू नसलेल्या गावातला रक्तपिपासू

कमी पैशांत काढलेल्या भयपटाकडे पाहण्याच्या दोन सवयी आपल्याला जडल्या आहेत आणि दोन्हींमुळे त्या चित्रपटाचं नुकसानच होतं. पहिली सवय टिंगलीची. वटवाघळाला बांधलेला दोरा दिसला, रक्ताच्या जागी लाल रंग दिसला, की आता हसायला मोकळीक मिळाली असं प्रेक्षक धरून चालतो. दुसरी सवय कौतुकाची, पण त्या कौतुकात पारखीपेक्षा दया जास्त. 'एवढ्याशा पैशांत एवढं केलं' हे वाक्य एकदा उच्चारलं की पुढे चित्रपटाविषयी काही बोलायचं उरतच नाही, कारण आपण कलाकृतीची नव्हे तर काटकसरीची तारीफ करून मोकळे झालेलो असतो. या दोन्ही सवयी बाजूला ठेवून एका चित्रपटाचे गुणदोष नीट तपासावेत, हा या लेखनाचा हेतू आहे. चित्रपट आहे जॉर्ज रोमेरो यांचा 'मार्टिन'. १९७६ च्या उन्हाळ्यात तो अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, पिट्सबर्ग शहराच्या शेजारच्या ब्रॅडॉक या गावात चित्रित झाला आणि १९७८ साली अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत पोचला. त्याचा खर्च सर्वसाधारणपणे लाखभर डॉलर सांगितला जातो. त्या काळच्या हॉलिवूडमध्ये एवढ्या रकमेत एखाद्या मोठ्या प्रसंगाचा सेटही उभा राहिला नसता. माझं म्हणणं थोडक्यात असं: 'मार्टिन'चं मोठेपण पैसा नसतानाही काही साधलं यात नाही. पैशाची चणचण हाच ज्याचा अर्थ होऊ शकेल असा विषय त्याने निवडला, यात ते आहे. आणि जिथे जिथे हा चित्रपट आपल्या विषयाला सोडून पैसेवाल्या चित्रपटांची वाट धरतो, तिथे तिथे तो पडतो.

हे म्हणणं समजून घ्यायचं तर रक्तपिपासूच्या चित्रपटाचा आणि पैशाचा संबंध आधी पाहायला हवा. ब्रॅम स्टोकर यांची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी १८९७ साली आली. तिने या भुताला सरदारकी दिली: डोंगरावरचा किल्ला, जुनी संपत्ती, खानदानी अदब. १९३१ साली बेला लुगोसीने आणि १९५८ साली ब्रिटनच्या हॅमर कंपनीच्या चित्रपटात ख्रिस्तोफर लीने हाच सरदार पडद्यावर रुजवला. म्हणजे रक्तपिपासूची गोष्ट सांगायची तर किल्ला हवा, झगा हवा, धुकं हवं, बग्गी हवी. या थाटामाटाला पैसा लागतो. पण या परंपरेच्या मुळाशी गेलं तर वेगळंच चित्र दिसतं. फ्रीड्रिश मुर्नाऊ यांचा १९२२ चा 'नोस्फेरातू' प्राना या नव्या जर्मन कंपनीने काढला. तिने हा एकच चित्रपट पुरा केला आणि तिचं दिवाळं निघालं. कादंबरीचे हक्क घेतलेले नसल्यामुळे स्टोकर यांच्या पत्नीने खटला भरला आणि न्यायालयाने प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. रक्तपिपासू उन्हाने मरतो ही समजूत याच चित्रपटाने रूढ केली. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनच्या रस्त्यावर फिरतो. आज ज्याला आपण या भुताचा सनातन नियम समजतो तो एका बुडालेल्या छोट्या कंपनीची देणगी आहे. तेव्हा या प्रकारात नवी भर टाकायला तिजोरी भरलेली असावी लागतेच असं नाही.

मराठी वाचकाला हे भूत तसं परकं. आपल्याकडे मुंजा आहे, हडळ आहे, चकवा आहे, वेताळ आहे. प्रत्येकाचं झाड, प्रत्येकाची वेळ, प्रत्येकाचा उतारा ठरलेला. कबरीतून उठून माणसाचं रक्त पिणारा सरदार आपल्या पिंपळावर कधी राहिला नाही. नारायण धारप यांनी स्टीफन किंग यांच्या 'सालेम्स लॉट' या कादंबरीवर बेतलेल्या 'लुचाई'मधून तो मराठीत आणला आणि मराठी माणसांच्या वस्तीत वावरायला लावला. हिंदीत रामसे बंधूंनी १९९० च्या 'बंद दरवाजा'मध्ये झगेवाला रक्तपिपासू उभा केला. हेच रामसे १९७२ साली 'दो गज जमीन के नीचे'साठी मोजकी माणसं घेऊन महाबळेश्वरला गेले होते आणि हाताशी असलेल्या इमारतींतूनच त्यांनी भय उभं केलं होतं. काटकसरीचा भयपट ही गोष्ट आपल्याला नवी नाही. मात्र रामसेंची धडपड होती ती थोड्या पैशांत जास्तीत जास्त थाट दाखवण्याची. रोमेरो यांनी 'मार्टिन'मध्ये याच्या अगदी उलट दिशा धरली, आणि हा फरक पुढच्या सगळ्या विवेचनाचा पाया आहे.

रोमेरो यांना ही दिशा सुचली त्यामागे त्यांची तेव्हाची परिस्थितीही होती. १९६८ साली पिट्सबर्गच्या मित्रमंडळींना जमवून, साधारण १,१४,००० डॉलर खर्चात त्यांनी 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' काढला होता. तो तुफान चालला. पण ऐन वेळी चित्रपटाचं नाव बदलताना पडद्यावरची स्वामित्वहक्काची ओळ गळाली आणि तेव्हाच्या कायद्यानुसार चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. ज्याला हवं त्याने तो दाखवावा आणि निर्मात्यांच्या हाती फारसं काही लागू नये, अशी अवस्था झाली. त्यानंतरचे त्यांचे तीन चित्रपट पडले. १९७३ चा 'द क्रेझीज' हा त्यातला शेवटचा. कर्ज डोक्यावर होतं. रिचर्ड रुबिनस्टाइन या निर्मात्याबरोबर भागीदारी करून ते खेळाडूंवरचे माहितीपट काढत दिवस ढकलत होते. या कोंडीतून 'मार्टिन' निघाला. १६ मिलिमीटरचा हलका कॅमेरा, बोटांवर मोजण्याएवढे तंत्रज्ञ, आणि एकेकाने दोन-तीन कामं अंगावर घेतलेली. टॉम सॅविनी यांनी जखमा आणि रक्ताची करामत सांभाळली आणि एक भूमिकाही केली. रोमेरो स्वतः तरुण पाद्री म्हणून पडद्यावर दिसतात. निर्मात्याचा भाऊ डोनल्ड रुबिनस्टाइन याने संगीत दिलं. ब्रॅडॉकचेच माहितीपटकार टोनी बूबा ध्वनिमुद्रणाच्या कामात होते आणि त्यांच्या आईचं घर चित्रपटातलं मुख्य घर झालं. मार्टिनचं काम करणारा जॉन अँप्लास हा पिट्सबर्गच्या रंगभूमीवरचा तरुण नट. रोमेरो यांच्या डोक्यात आधी वयस्क माणूस होता. अँप्लासला पाहिल्यावर त्यांनी नायक कोवळा केला. हा बदल फुकटात झाला, पण त्याने चित्रपटाचं भाग्य पालटलं.

कथा थोडक्यात सांगता येते. मार्टिन हा विशीतला दिसणारा, लाजरा, माणसांपुढे मान खाली घालणारा मुलगा रात्रीच्या गाडीने पिट्सबर्गला येतो. कुडा नावाचा म्हातारा नातेवाईक त्याला ब्रॅडॉकला घेऊन जातो. कुडाची ठाम समजूत अशी की मार्टिन हा घराण्याला लागलेला शाप आहे, खराखुरा नोस्फेरातू आहे. आधी याचा आत्मा वाचवायचा आणि मग याला संपवायचं, हे तो पहिल्याच दिवशी बजावतो. मार्टिनही आपलं वय चौऱ्याऐंशी सांगतो. त्याला रक्ताची तहान आहे हे खरं. पण त्याला सुळे नाहीत. तो दाढीचं ब्लेड आणि गुंगीच्या औषधाची सिरिंज वापरतो. दिवसा तो कुडाच्या किराणा दुकानातला माल घरोघर पोचवतो. रात्री रेडिओवरच्या गप्पांच्या कार्यक्रमाला फोन करून चित्रपटांत या गोष्टी किती खोट्या दाखवतात ते सांगतो. निवेदकाने त्याचं 'काउंट' असं नाव पाडलंय. कुडाची नात क्रिस्टिना त्याला आजारी समजते, डॉक्टरकडे न्यावं म्हणते. मिसेस सांतिनी नावाची एकाकी गिऱ्हाईक बाई त्याला जवळ करते आणि पहिल्यांदाच त्याला औषधाशिवाय, ब्लेडशिवाय कुणाचा तरी सहवास मिळतो. मार्टिन भूत आहे की मनोरुग्ण, हे चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही.

सुरुवातीचा आगगाडीतला प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे, कारण पुढच्या सगळ्या चित्रपटाची रीत त्यात दिसते. मार्टिन झोपायच्या डब्यातल्या एका बाईच्या खोलीबाहेर उभा आहे. सिरिंज तयार आहे. दार उघडण्याआधी क्षणभर काळ्यापांढऱ्या रंगातलं दृश्य येतं: रात्रीच्या झुळझुळीत कपड्यांतली एक सुंदरी हात पसरून त्याची वाट पाहते आहे, जुन्या चित्रपटांत पाहते तशी. मग दार उघडतं आणि चित्र रंगीत होतं. खोली रिकामी. आतून संडासाच्या टाकीचं पाणी सोडल्याचा आवाज येतो आणि ती बाई बाहेर येते ती तोंडाला लेप फासून. पुढे जे घडतं त्यात कसलीही मोहिनी नाही. ती किंचाळते, शिव्या देते, लाथा झाडते. तो तिला घट्ट धरून सुई टोचतो आणि औषध चढेपर्यंत झटापट चालूच राहते. मध्येच तो तिची समजूत काढतो की सुईची आपण नेहमी काळजी घेतो. मिनिटामागून मिनिट जातं. ती शुद्ध हरपल्यावर तो तिच्या अंगाशी झोंबतो, मग ब्लेडने तिचा हात कापून रक्त पितो. नंतर खोली आवरतो, ठसे पुसतो, गोळ्या अशा पसरतो की बाईने आत्महत्या केली असं वाटावं. ड्रॅक्युलाच्या नजरेत जे एका क्षणात घडतं ते इथे श्रमाने, घामाने, भीतीने घडतं. प्रेक्षकाचा घसा कोरडा पडतो तो रक्तामुळे नव्हे, त्या वेळखाऊ धडपडीमुळे.

इथे पैशाचा प्रश्न आणि अर्थाचा प्रश्न एकमेकांत मिसळतात. चित्रपटातली जादू ही विकत घ्यावी लागणारी वस्तू आहे. माणसाचं वटवाघूळ करायचं तर तंत्र हवं, किल्ला हवा तर सेट हवा, मंत्रमुग्ध करणारी नजर हवी तर प्रकाशयोजना, वेशभूषा, वेळ हवा. ज्याच्याकडे हे नाही त्याच्यापुढे दोन वाटा असतात. जादूची स्वस्त नक्कल करावी आणि हसं करून घ्यावं; किंवा जादू नाहीच, असं कथेतच कबूल करावं. रोमेरो यांनी दुसरी वाट धरली आणि ती कबुली नायकाच्या तोंडी दिली. कुडा दारांना लसणाच्या माळा बांधतो, भिंतीवर क्रूस लावतो. मार्टिन लसूण कचकन चावून खातो, क्रूस गालाला लावतो आणि म्हाताऱ्याला सांगतो की जादू असं काही नसतंच. याहून धीट प्रसंग पुढे येतो. रात्री निर्मनुष्य मैदानात, धुक्यात, कुडासमोर खराखुरा ड्रॅक्युला उभा ठाकतो: काळा झगा, पांढराफटक चेहरा, सुळे. म्हातारा काठी उगारतो, थरथरतो. आणि मग मार्टिन तोंडातले प्लॅस्टिकचे सुळे थुंकतो, चेहऱ्यावरचा रंग बोटाने पुसून दाखवतो आणि हा नुसता वेश आहे असं सांगतो. स्वस्त सुळे ही एरवी लपवायची गोष्ट. इथे ती हातावर घेऊन दाखवली जाते, आणि दाखवली गेल्यामुळेच तिच्यावर हसता येत नाही. पैशाची चणचण इथे कथेचा आशय बनते.

दुसरी गोष्ट ब्रॅडॉक या गावाची. अँड्र्यू कार्नेगी यांचा एडगर थॉम्सन पोलाद कारखाना इथे १८७५ साली सुरू झाला आणि १८८९ साली अमेरिकेतलं पहिलं कार्नेगी ग्रंथालयही इथेच उघडलं. १९२० च्या सुमारास गावात वीस हजारांवर माणसं होती. १९८० च्या शिरगणतीत सहा हजारही उरली नव्हती. चित्रीकरण झालं तेव्हा कारखाना चालू होता, पण पोलादाचे चांगले दिवस सरत चालले होते. बाजारपेठेतली दुकानं बंद पडत होती आणि तरुण गाव सोडत होते. रोमेरो यांना हे गाव उभारावं लागलं नाही. त्यांनी कॅमेरा रस्त्यावर नेला. उतारावरची एकमेकांना चिकटलेली घरं, रिकामे रस्ते, कारखान्याची धुराडी, जळक्या प्रार्थनामंदिराची पडझड हे सगळं जसं होतं तसं पडद्यावर आलं. क्रिस्टिनाचा मित्र आर्थर याला काम मिळत नाही आणि शेवटी तीही त्याच्याबरोबर गाव सोडते. अशा गावात रक्त शोषणारा कोण, हा प्रश्न चित्रपट उच्चारत नाही, पण प्रत्येक चौकटीतून तो समोर येतो. गावाचं रक्त आधीच कुणीतरी पिऊन टाकलं आहे. हा मुलगा तर मागे राहिलेल्यांतला एक. मोठ्या कंपनीने हा चित्रपट काढला असता तर एखाद्या स्टुडिओत 'उदास गाव' बांधलं असतं, आणि त्यात ब्रॅडॉकची खरी अवकळा कधीच उतरली नसती. १६ मिलिमीटरची छोटी चौकट मोठ्या पडद्यासाठी वाढवली की चित्र खरखरीत, दाणेदार होतं. एरवी हा दोष मानला जातो. इथे तो काजळी धरलेल्या भिंतींच्या रंगाशी जुळून गेला आहे.

आता दोषांकडे येऊ, आणि तेही हात राखून नको. पहिला दोष अभिनयाच्या खालीवर पातळीचा. अँप्लास अप्रतिम आहे. कुडा झालेले लिंकन माझेल नाटकी आहेत, पण त्या भूमिकेला तो नाटकीपणा शोभतो, कारण कुडा स्वतःच एका जुन्या नाटकात जगतो आहे. बाकीच्या बऱ्याच पात्रांच्या तोंडची वाक्यं मात्र पाठ म्हटल्यासारखी येतात. क्रिस्टिना आणि आर्थर यांची भांडणं लिहिलेली वाटतात, घडलेली वाटत नाहीत. कित्येक संवादांचा आवाज खोलीत बसत नाही, वरून चिकटवल्यासारखा ऐकू येतो. दुसरा दोष बांधणीचा. रोमेरो यांची मूळ जुळणी पावणेतीन तासांच्या आसपास होती. ती कापून दीड तासाच्या थोडी वर आणताना काही धागे तुटले. क्रिस्टिनाचं दुःख सुरू होतं आणि मिटतं, मध्ये काही नाही. रेडिओवरच्या गप्पा पहिल्यांदा विलक्षण वाटतात, पण नंतर त्या मार्टिनचं मन आपल्याला समजावून सांगण्याचं सोयीचं साधन होतात. जे अँप्लासच्या खांद्यांवरून, मानेवरून आधीच कळलेलं असतं ते पुन्हा शब्दांत ऐकावं लागतं. तिसरा दोष सर्वांत बोलका आहे. उत्तरार्धात पोलिसांचा पाठलाग आणि गोळीबार येतो. तो भाग दुसऱ्याच कुठल्या चित्रपटातून आल्यासारखा वाटतो. पाठलागाला वेग लागतो, गर्दी लागते, गाड्या लागतात, म्हणजे पैसा लागतो. तिथे प्रथमच चित्रपट गरीब दिसतो. आधीच्या तासाभरात तो गरीब नव्हता, कारण तोवर त्याने परवडणार नाही अशा गोष्टीची इच्छाच धरली नव्हती.

चौथा दोष वेगळ्या जातीचा आहे आणि त्याचं खापर पैशावर फोडता येत नाही. मार्टिनच्या हल्ल्यांत शुद्ध हरपलेल्या स्त्रीवर होणारा बलात्कार आहे. चित्रपट त्याला तसं म्हणत नाही. कॅमेरा मार्टिनच्या एकटेपणाला इतका जवळून पाहतो की त्याच्या हाताखाली मेलेल्या बाईचं एकटेपण नजरेआड होतं. आगगाडीतली ती बाई लढते, ओरडते, तोपर्यंत माणूस असते. झोपल्यावर ती फक्त शरीर उरते आणि तिचं नावही आपल्या लक्षात राहत नाही. मिसेस सांतिनीच्या वाट्याला थोडं जास्त येतं, पण तिचं मरणही शेवटी मार्टिनच्या कथेला वळण देण्यापुरतं वापरलं जातं. यावर असं उत्तर देता येईल की चित्रपट मुद्दामच आपल्याला गुन्हेगाराशेजारी बसवतो आणि त्या जवळिकीची शिसारी आपल्याला यावी हाच त्याचा हेतू आहे. हे उत्तर निम्मं खरं आहे. पहिला प्रसंग खरोखरच शिसारी आणतो. पण पुढे मार्टिनविषयी कणव वाढत जाते आणि त्या कणवेचा हिशेब त्या मेलेल्या बाईपाशी कधीच चुकता होत नाही. बिल गन यांचा १९७३ चा 'गांजा अँड हेस' हाही थोड्या पैशांतला रक्तपिपासूपट. त्यात तहान लागलेली गांजा ही पुरुषाच्या मागे राहत नाही, स्वतःचा निर्णय घेणारी व्यक्ती होते. लहान खर्चातही हे जमतं. म्हणून 'मार्टिन'ला या बाबतीत गरिबीची सवलत देणं अन्याय्य ठरेल.

दोन आक्षेपांना उत्तर द्यायला हवं. पहिला असा की हा रक्तपिपासूचा चित्रपटच नव्हे. हा एका विकृत खुन्याचा चित्रपट आहे आणि त्याला भुताचं नाव उगाच दिलं आहे. काळीपांढरी दृश्यं, मशाली घेतलेला जमाव, जुन्या काळचे कपडे ही फक्त मार्टिनची कल्पना. पण चित्रपट ती दृश्यं आठवण आहेत की कल्पना हे सांगत नाही, आणि हा निव्वळ चलाखपणा नाही. कारण खरा प्रश्न मार्टिन भूत आहे का हा नाही. त्याला भूत ठरवल्यावर काय होतं हा आहे. लहानपणापासून ज्याला घरच्यांनीच शाप म्हटलं तो मुलगा शापासारखा वागायला शिकला. कुडाची श्रद्धा आणि मार्टिनचा आजार एकमेकांना पोसतात. माणसाला चेटकी, भूत, सैतान ठरवण्याचे परिणाम महाराष्ट्राने पुष्कळ पाहिले आहेत. त्याविरुद्ध २०१३ साली आपल्याला कायदा करावा लागला. त्यामुळे कुडाच्या लसणाच्या माळा आपल्याला केवळ परदेशी रीत म्हणून पाहता येत नाहीत. फरक एवढाच की रोमेरो यांनी मार्टिनला निर्दोष ठेवलेलं नाही. तो खून करतो. तरीही ज्या मरणाची शिक्षा त्याला मिळते ते मरण त्याने घडवलेलं नाही. अंधश्रद्धा गुन्हेगारालाही बरोबर ओळखत नाही, ती फक्त आपलं म्हणणं खरं करून घेते, ही या चित्रपटाची सर्वांत कठोर जाणीव आहे.

दुसरा आक्षेप असा की पैशाची चणचण आणि आशय यांचा हा मेळ योगायोग आहे. समीक्षक नंतर त्यात अर्थ भरतात. योगायोगाचा वाटा मीही मान्य करतो. गाव जवळ होतं, घर ओळखीचं होतं, नट स्वस्त होता. पण पाठलागाच्या प्रसंगात नेमकं हेच सगळं असूनही चित्रपट घसरतो. चणचण सगळीकडे सारखीच होती. फळ मात्र जिथे दिग्दर्शकाने तिला कथेत जागा दिली तिथेच आलं. याचा पुरावा इटलीतही सापडतो. तिथे दारिओ अर्जेंतो यांनी या चित्रपटाची फेरजुळणी केली, 'गोब्लिन' या गटाचं आक्रमक संगीत चढवलं आणि 'वॅम्पिर' नावाने तो दाखवला. तेच चित्रण, तेच नट, तेवढाच खर्च. पण रुबिनस्टाइन यांचं थकलेलं, उदास संगीत गेलं आणि क्रम बदलला की ब्रॅडॉकची खिन्नता पातळ होते, उरतो तो एक नेहमीचा भयपट. म्हणजे चांगुलपणा चणचणीत नव्हता. चणचणीतून काय निवडलं, कशानंतर काय ठेवलं, कुठे थांबलं यात तो होता. रोमेरो आपल्या चित्रपटांत 'मार्टिन'ला सर्वांत लाडका मानत. त्यांनी पुढे बरेच मोठे चित्रपट केले हे लक्षात घेतलं की या पसंतीचं वजन कळतं.

शेवटचा प्रसंग या सगळ्या तर्काची कसोटी आहे. मिसेस सांतिनी न्हाणीघरात स्वतःच्या हाताने मनगटं कापून मरते. कुडाला वाटतं, हे मार्टिनचंच काम. इशारा दिलाच होता, असं म्हणावं तसा तो शांतपणे मार्टिनच्या छातीत लाकडी मेख ठोकतो. कोणतीही राख उडत नाही, शरीराची धूळ होत नाही, वीज कडाडत नाही. एका पलंगावर एक मुलगा मरतो, आणि रक्त तेवढं येतं जेवढं माणसाला येतं. मग कुडा परसात माती उकरतो, वर बी टाकतो, पाणी घालतो. पाठीमागे रेडिओवर आवाज ऐकू येत राहतात; 'काउंट'ला ओळखणारं, त्याची वाट पाहणारं कुणीतरी विचारत राहतं. हा प्रसंग चित्रित करायला एक खाट, एक परस आणि मूठभर बी लागलं. पण भव्य भयपटात जिथे जादूने सुटका होते तिथे इथे कुणाचीच सुटका होत नाही: कुडाची नाही, गावाची नाही, आणि इतका वेळ त्या मुलाशेजारी बसलेल्या आपलीही नाही. वाचकांनी हा चित्रपट पाहताना त्याला सवलत देऊ नये एवढीच विनंती आहे. चिकटवलेले संवाद खटकू द्यावेत, पाठलाग फसलेला आहे असं म्हणावं, शुद्ध हरपलेल्या त्या बाईचं काय हे पुन्हा पुन्हा विचारावं. एवढं सगळं मोजून झाल्यावरही परसातल्या त्या ओल्या मातीपाशी जे उरतं, ते या चित्रपटाने स्वतःच्या बळावर कमावलेलं आहे.